पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान कुठलं घेतलंत, कुठे उडवलंत, कसं पाडलंत? (अनुभव धागा)

घोगळकर

मंडळी, मुलगा अकरा वर्षांचा. मे महिन्यात बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात नेला, तिथे त्याने सी हॅरियर बघितलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मलाही जोर आला, ऑनलाइन शोधून राखाडी रंगाचं एक लढाऊ विमान मागवलं, पंख पोटाखाली, चार चॅनेल (रिमोटवरून चार गोष्टी हलवता येतात), पंख टोकापासून टोकापर्यंत ८० सेंटिमीटर, फोटोत एकदम झकास. नोव्हेंबरात भात कापून झाल्यावर नावेलीच्या शेतात घेऊन गेलो. मी फेकलं, पोराने थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण दिलं, ते डावीकडे कलंडायला लागलं, मी "उजवीकडे दे, उजवीकडे" म्हणून ओरडतोय, त्याने उजवीकडे दिलं तर ते आणखीनच डावीकडे उलटं झालं आणि मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, नाक खुपसून उभं राहिलं. सहा सेकंद. सहा हजार रुपये. सेकंदाला हजार पडले.

विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो सर ते बिगिनरसाठीच आहे.

दुसरं घ्यायच्या आधी म्हटलं जाणत्यांना विचारावं. तुमचं पहिलं कुठलं, काय मोडलं, गोव्यात उडवता कुठे, सगळं लिहा. नुसत्या लिंका टाकू नका, त्या मलाही सापडतात.

फोंड्याचे_काका

सहा सेकंद म्हणजे बरेच की. माझं चार सेकंद होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, बाल्सा लाकडाचं किट, ग्लो इंजिन, मिथेनॉलमध्ये एरंडेल घातलेलं इंधन, बायको म्हणायची घरात दवाखान्याचा वास येतो. दीड महिना रात्री बसून बांधलं आणि पहिल्याच दिवशी काटक्या गोळा करून पिशवीतून घरी आणल्या. तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, आता आहे, तर पहिलं विमान फोमचंच घ्या. त्यातही ईपीओ किंवा ईपीपी, म्हणजे लवचीक, सहसा न तुटणारा फोम. ईपीओला खड्डा पडला तर गरम पाण्यात धरा, बराचसा फुगून वर येतो. साधं थर्माकोल नको, ते सरळ तुटतं.

पंख वर हवा, विमानाच्या डोक्यावर. आणि समोरून बघितलं की पंखाची दोन्ही टोकं जराशी वर उचललेली दिसली पाहिजेत, डायहेड्रल म्हणतात त्याला. विमान एका अंगावर कललं की त्या बाजूला घसरायला लागतं, मग खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपलं आपण सरळ होतं. घाबरून रिमोटची स्टिक सोडली तरी चालते, उलट बऱ्याचदा सोडणंच बरं.

पंख रबर बँडने बांधलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. दिसायला गावठी, पण आपटल्यावर रबर सुटतात, पंख बाजूला जाऊन पडतो, मोडत नाही. माझ्या लेकीने शिकताना एका सकाळी अकरा वेळा पाडलं, खर्च काय तर रबर बँडचं पाकीट.

भाटातला_माड

माझं पहिलं विमान चांगलं होतं, जागा चुकली. घरामागच्या भाटात (माडांच्या बागेत) उडवलं, वाऱ्याने ढकललं आणि गेलं माडाच्या शेंड्यात. पाडेलीला (नारळ काढणाऱ्याला) फोन केला तर म्हणाला आता पाडप, म्हणजे नारळ काढणं, दोन महिन्यांनी, तेव्हा बघू. दोन महिने रोज सकाळी चहा पिताना खालून बघायचो, शेपटी दिसायची. शेवटी तो आला, वर चढला आणि वरून हाक, "पात्रांव, विमान उडयतां हां!" मी घाटावरून आलेला, कोंकणी तेव्हा अर्धवट, मला वाटलं हा वरून उडवून दाखवणार. उडयतां म्हणजे फेकतो. नारळासारखं धप्प करून खाली आलं.

मोटर अजून चालते.

वास्कोकरीण

मी वास्कोची, शेजारी दाबोळी विमानतळ आणि नौदलाचा तळ आयएनएस हंसा, गच्चीतून मिग-२९के जाताना बघते आणि माझं सातशे ग्रॅमचं विमान कपाटावर. इथे उडवायचं नावच नको. घोगळकर, तुम्ही पण आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी साइटचा, नकाशा उघडून बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली विमानंही येतात, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं २५ किलोपर्यंतचं असेल त्याला तिथे मॉडेल म्हटलंय. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, पिवळ्यात एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत चालतं. छंदापुरतं दोन किलोपर्यंत पायलट सर्टिफिकेट लागत नाही. तसंही शिकताना शंभर फुटांच्या वर काय दिसतंय डोंबल.

उडवायला मिळत नाही म्हणून मी सिम्युलेटरवर शिकले, आणि तेच बरं झालं. रिमोट केबलने कंप्युटरला जोडायचा, पडद्यावर पाडा हवं तेवढं. आठ-दहा दिवस रोज अर्धा तास दिलात तरी सहा हजार वाचतात. नवशिक्याचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. मला एकाने सांगितलेलं, डोकं चालवूच नको, जो पंख खाली पडताना दिसतो त्याच बाजूला स्टिक ने, जणू स्टिकचा टेकू देतेस. ते डोक्यात बसलं आणि मग सुटले.

रिमोट घेताना मोड २ बघून घ्या, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. माझ्या ओळखीतले सगळे तोच वापरतात, उद्या कोणी हातात रिमोट घेऊन विमान वाचवायला आला तर त्याचे हात नीट चालले पाहिजेत.

सांखळीचा_फोमवाला

विकत कशाला घेता, बांधा की! आमचा दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणारा ग्रुप, बांबू कागद खळ सगळ्यात हात बसलेला, म्हटलं विमान ते काय. फ्लाइट टेस्ट या यूट्यूब चॅनेलवाल्यांचे प्लॅन नेटवर फुकट आहेत, प्रिंट मारून तुकडे जोडायचे आणि फोमवर ठेवून कापायचं. पण मी स्टेशनरीतून ५ मिलिमीटरचा सनबोर्ड आणला, पाट्या करतात तो गुळगुळीत पांढरा. ते पीव्हीसी असतं हे कुणी सांगितलं नाही. विमान तयार झालं, रंगवलं, पोरांनी नारळ फोडला, वजन केलं तर प्लॅनमध्ये लिहिलेल्याच्या दुपटीहून जास्त. ते उडालं नाही. ते धावलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बैलासारखं धावलं आणि कुंपणात घुसलं.

दुसरं कागद चिकटवलेल्या हलक्या फोमबोर्डचं केलं, ते उडतंय. आणि एक, थर्माकोलला सुपरग्लू लावू नका, तो थर्माकोल खातो, माझ्या डोळ्यांदेखत शेपटीला भोक पडलं. ग्लू गन बरी, पण तीही जास्त गरम नको.

मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो (फळ्या हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर सगळं काढून पुढच्या विमानात जातं, म्हणून पैसे तिथे घाला. मी फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा रिमोट घेतला, चौथं विमान चालू आहे त्याच्यावर. फोम काय, दीडशे रुपयांचा.

फर्मागुडीचे_मास्तर

घोगळकर, तुमच्या सहा सेकंदांचा पंचनामा करतो, रागावू नका. पूर्ण थ्रॉटल एकदम दिलं की पंखा ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट बाजूला विमानाचं अंग वळतं, बहुतेक विमानांत ती डावी बाजू. त्यात वेग अजून आलेला नाही. वेग नसताना पोराने उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) दिलं, म्हणजे डाव्या पंखाची फळी खाली गेली, आधीच धापा टाकणाऱ्या पंखावर आणखी ओझं, तो स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल संपली, आणि गपकन खाली. पोराची चूक नाही, त्याने तुम्ही सांगितलं तेच केलं.

आता निवडायचं कसं. वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागा. तुमचं समजा ५६० ग्रॅम, पंख ८० बाय १४ सेंटिमीटर, म्हणजे ११.२ चौरस डेसिमीटर, भागाकार ५०. एखादं ट्रेनर (शिकायचं विमान) ६०० ग्रॅमचं, पंख ११० बाय १८, म्हणजे १९.८, भागाकार ३०. वजन जवळपास तेवढंच, पण स्टॉलचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे तुमच्या विमानाला नुसतं हवेत राहायला जवळजवळ ३० टक्के जास्त वेग हवा. तेवढाच विचार करायला वेळ कमी. खोक्यावर बिगिनर लिहिलेलं वाचू नका, हा भागाकार करा. एक-सव्वा मीटरच्या फोमच्या विमानाला तिशीच्या आसपास किंवा खाली आलं तर घ्या.

आणि फेकायच्या आधी पंखाखाली दोन बोटं लावून तोलून बघा. साधा सरळ पंख असेल तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर तोल यावा, मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं.

मेरशीची_आई

एवढं गणित कोण करणार हो मास्तर. आम्ही लेकीला ४० सेंटिमीटरचं गायरोवालं (तोल आपोआप सांभाळणारं) घेतलं, शंभर ग्रॅमच्या आत, ३ चॅनेल. बटण दाबलं की स्वतः सरळ होतं. पहिल्या दिवशी उडालं, पहिल्या दिवशी उतरलं, घरी आनंदी आनंद. भिंतीवर आपटलं तरी त्याला काही होत नाही, वजनच नाही ना. फक्त वारा आला की संपलं, पतंग कटल्यासारखं जातं. दोनदा शेजारच्यांच्या कौलांवरून काढलं.

फोंड्याचे_काका

ताई, गायरो वाईट नाही, पण लेकीला विचारा, बटण बंद केल्यावर उडवते का? माझ्या पुतण्याने वर्षभर गायरोवर उडवलं, मग साधं विमान हातात दिलं तर पहिल्या वळणाला खाली. सायकलची बाजूची चाकं कधीतरी काढावी लागतात.

मेरशीची_आई

काका, बाजूची चाकं नसती तर ती सायकलवर बसलीच नसती 🙂 पडलं असतं आणि विषय संपला असता. तरी पण या आठवड्यात बंद करून बघायला सांगते.

पेडणेकर_सडा

जागेबद्दल कुणी नीट लिहीनात म्हणून लिहितो. आम्ही पूर्वी मोप्याच्या बाजूला सड्यावर उडवायचो, चारी बाजूंना मोकळं, माणूस नाही. २०२३ च्या जानेवारीत तिथला विमानतळ सुरू झाला आणि आमचा विषय मिटला, ते बरोबरच आहे म्हणा. आता सत्तरीकडे जातो, गाडीने तास जातो.

सडा चांगला पण खाली जांभा दगड, पोटावर उतरवलं की किसणीवर खोबरं किसल्यासारखा फोम जातो, पोटाला पॅकिंगची टेप लावा. शेत मऊ असतं पण डिसेंबरपर्यंतच, वायंगणाची (उन्हाळी भाताची) लावणी झाली की चिखल आणि शेतकऱ्याच्या शिव्या, दोन्ही खरंच. किनारा म्हणाल तर मी एकदाच गेलो, लाटेत पडलं, ईएससी खाऱ्या पाण्याने गेला आणि सर्वोमध्ये वाळू अजून करकरते. शिवाय मोरजी, आगोंद, गालजीबागला कासवं अंडी घालतात, तिथे तर जाऊच नका.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. दुपारकडे समुद्रावरून वारा चालू होतो तो संध्याकाळपर्यंत, नवशिक्याने त्या वाऱ्यात विमान बाहेर काढू नये. घारी पण ऊन तापल्यावर वर येतात. माझ्या पंखावर एकीच्या नखांचे तीन चरे आहेत, ते मी बुजवलेले नाहीत, पाहुण्यांना दाखवतो.

आणि विमान राखाडी घेऊ नका हो. ढगाळ आभाळात पन्नास मीटरवर कुठलं पोट आणि कुठली पाठ काही कळत नाही.

वास्कोकरीण

बॅटरीचं राहिलं. ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) भरली की १२.६ व्होल्ट, ठेवताना सेलला ३.८ च्या आसपास ठेवायची, भरलेली आठवडाभर पडून राहिली की फुगू शकते. मी एकदा बंद गाडीत उन्हात विसरले, संध्याकाळी उशीसारखी झालेली. चार्जर बॅलन्सवालाच (सगळे सेल सारखे भरणारा) घ्या आणि चार्ज होताना घर सोडून जाऊ नका. १३०० एमएएचवर सात-आठ मिनिटं धरा, टायमर लावा, विमान वर असताना वेळ कळत नाही.

घोगळकर

सगळ्यांचे आभार, मास्तरांचे जरा जास्त, पोराला पंचनामा वाचून दाखवला तर म्हणाला बघ, मी नव्हतंच पाडलं. तीन आठवडे पाडल्याचा आळ त्याच्यावर होता.

घेतलं एक. पंख डोक्यावर, ११० सेंटिमीटर, पंखा मागे असल्यामुळे नाकावर पडलं तरी तो वाचतो, भागाकार २९ आला. दिसायला अगदी बदक. पोराला दाखवलं तर चेहरा पडला. दहा दिवस सिम्युलेटर केला, मग काल सकाळी त्याच शेतात, या वेळी अर्ध्याहून थोडं जास्त थ्रॉटल. डावीकडे कललं, मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने दंड धरला. पोराने स्टिक सोडली. ते बदक हळूच सरळ झालं आणि चालायला लागलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद, मग वळताना फार खाली आलं आणि पेंढ्याच्या उडवीत शिरलं. रबर तुटले चार.

घरी आल्यावर पठ्ठ्याने उजव्या पंखाच्या पोटाला लाल इन्सुलेशन टेपचे पट्टे मारले आणि शेपटीवर मार्करने लिहिलं, सी हॅरियर.

येत्या रविवारी पेडणेकरांच्या सत्तरीच्या जागेवर यायचं म्हणतोय, साडेसहाला पोचतो. वास्कोकरीण, तुमचं कपाटावरचं पण घेऊन या. पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) गरम उंडे मी आणतो, रबर बँड कुणीतरी जास्तीचे आणा.