मामांच्या फ्रँकेन्स्टाईनचा रंग मूळचा की नंतरचा?

लक्ष्मीनगरची_मुक्ता
नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या आजोळी माळ्यावरची पेटी काढली, तर तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीशेजारी फडक्यात गुंडाळलेला मामांचा फ्रँकेन्स्टाईन सापडला. (खरं तर हे त्याला घडवणाऱ्याचं नाव, पण आमच्या घरात राक्षसालाच ते चिकटलं.) रेम्को या खेळण्यांच्या कंपनीचा बाहुला, पावणेचार इंची, अंगावर १९८० साल कोरलेलं. मामांनी अमेरिकेहून आणला होता. मामा आता नाहीत.

पुण्याच्या एका संग्राहकांना तो हवाय. त्यांनी एकच विचारलं, "रंग मूळचा आहे ना?" मला खोटं बोलायचं नाही, आणि खरं काय ते मलाच ठाऊक नाही. चेहरा झगझगीत हिरवा, कपाळावरचे टाके जवळजवळ बुजलेले, बोट लावलं तर किंचित चिकटतं. आई म्हणते, सिनेमात तो पांढराफटक होता, हिरवा आपल्याच कोणीतरी केला असणार. कोपरा थिनरने पुसून बघू का?

जुनी_खेळणी_सदर
थिनर नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको! वरच्या थराबरोबर खालचा मूळ रंगही जाईल आणि प्लास्टिकसुद्धा विरघळू शकतं.

आईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९३१ चा सिनेमा कृष्णधवल. मेकअप करणाऱ्या जॅक पियर्सने राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्याला हिरवट राखाडी रंग लावला, कारण त्या फिल्मवर तो प्रेतासारखा फिका उमटायचा. खेळण्यांत मात्र हिरवा चेहरा नेहमीचाच. त्यामुळे हिरवा आहे यावरून काही ठरत नाही, रंग कसा बसलाय ते बघा. बुजलेल्या टाक्यांवरून मला तरी जाड हाताने मारलेला ब्रश दिसतो. कोरलेलं सालही कॉपीराइटचं असतं, रंगाबद्दल ते काही सांगत नाही.

डोकं हळूच वळवा, जोर नको. मानेची एरवी झाकलेली कड भिंगाखाली बघा. घरी रंगवणाऱ्याचा ब्रश तिथवर पोचत नाही. ओळखीच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर त्याखालीही धरा. वेगवेगळे रंग पुष्कळदा वेगळे चमकतात. सगळं सारखं दिसलं म्हणून मूळचं असं मात्र समजू नका.

चितारओळीचा_पोरगा
ताई, आमच्या घरी मूर्ती रंगवतात, म्हणून चिकटपणाचं सांगतो. नरम प्लास्टिकमध्ये ते नरम ठेवणारं तेलकट द्रव्य असते. ते हळूहळू वर येते आणि ऑइल पेंट नीट वाळूच देत नाही. त्यात आपला मे महिना, ४५ अंश, आणि पेटी माळ्यावर! पण जुनं प्लास्टिक रंगाशिवायही चिकटते, म्हणून मानेच्या झाकलेल्या जागी बोट लावून बघा. तिथं कोरडं अन् चेहराच चिकट असेल, तर रंग नंतरचा असण्याची शक्यता जास्त.

अजून एक. पेटीतला नंदी बघा. घरात रंगाचा डबा उघडला की त्याच डब्यातून सगळं रंगते. नंदीवर दरवर्षी थर चढला तरी त्याचा मान कमी होत नाही. संग्राहकांचं उलटं, त्यांना झिजलेला का होईना, मूळचाच रंग पाहिजे.

लक्ष्मीनगरची_मुक्ता
दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. नंदीच्या झुलीचा हिरवा आणि हा चेहरा खिडकीशी शेजारी धरले, अगदी एकच. मानेच्या कडेला मळकट, शेवाळी हिरवा आहे आणि तिथं बोट चिकटत नाही. नंदीच्या पोटाखाली मामांनी पेन्सिलीने रंगवल्याची सालं लिहिलीत, शेवटचं १९८६. त्यांचं अक्षर मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

संग्राहकांना कळवलं: चेहरा घरी, बहुधा १९८६ पर्यंत कधीतरी, रंगवलेला, बाकी अंगावर दुसरा थर दिसत नाही. मानेचा फोटोही जोडला. त्यांनी विचारलं, वरचा रंग काढून देता का? मी नाही म्हणाले. किंमत कमी झाली तरी चालेल, तो रंग मामांच्या हातचा आहे.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढली. आता ठेवू कशात?

जुनी_खेळणी_सदर
उभाच ठेवा, चेहऱ्याला काहीही टेकू देऊ नका, फडकंसुद्धा चिकटेल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. आणि माळ्यावर परत नको, खालच्या कपाटात, उन्हापासून लांब.