डोळे बघून तोडा
सीताफळ झाडावरच पिकू द्यावं, तरच गोड लागतं, असं काही जण म्हणतात. मला अर्धंच पटलं. खटाव तालुक्यात आमच्या बांधावर आजोबांच्या वेळचं झाड आहे. दसरा ते दिवाळी सगळी भावंडं पाट्या घेऊन तिथंच. झाडावर पिकलेलं पाखरं आणि खारी ठेवतात कुठं? आजी फळाचे डोळे (सालीवरचे फुगवटे) बघायची. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळट-पांढऱ्या झाल्या की देठासकट काढायचं, ज्वारीच्या कणगीत पुरायचं. दोन-चार दिवसांत मऊ. डोळे उघडायच्या आधी काढलं तर दगड होऊन काळं पडतं (मी एकदा पाटीभर काढलेली, अजून ऐकवतात).

बाकी, उवांसाठी बिया वाटून लावत असाल तर जपून. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते.