माजी सैनिक महिलांचं अखिल भारतीय संमेलन : भरवणाऱ्यांनी अनुभव लिहा

रिबनबार
कपाट आवरताना जुन्या पदकांची पट्टी हाती लागली आणि संमेलनाच्या सगळ्या याद्या डोळ्यांपुढे आल्या. ज्यांनी अशी संमेलनं भरवलीत त्यांनी इथे लिहा, पुढच्या जणींना उपयोग होईल. मी नावांपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथेच अडतं.

पुरुषांच्या कोर्सची (एकत्र प्रशिक्षण घेतलेल्या तुकडीची) यादी चाळीस वर्षं तशीच राहते. आपल्याकडे १९९२ च्या महिला विशेष प्रवेश योजनेतून ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) गेलेल्या मुलीचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, माहेरच्या आडनावाने, पासबुक सासरच्या, आणि आधारवर स्पेलिंग तिसरंच. सुरुवातीला नोकरीची मुदत पाच वर्षांची होती, पुढे दहा आणि चौदा झाली. ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेल्यांना पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणजे स्पर्शवर (संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर) नाव नाही, नाव नाही म्हणजे पत्ता नाही. कायम कमिशनचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा. त्याआधी नोकरीतून बाहेर पडलेल्या कितीतरी जणी म्हणूनच कुठल्याच सरकारी यादीतून सापडत नाहीत.

उपाय एकच, तीन याद्या करायच्या. मूळ यादी पर्सनल नंबर, कोर्स आणि कमिशनच्या वेळच्या नावाने. छावणीच्या गेटची यादी आधारवरच्या नावाने, अक्षर न अक्षर तसंच. बिल्ल्यांची यादी वेगळी. या तिन्ही एकाच फाइलमध्ये कोंबल्या की गेटवर गोंधळ ठरलेला.

कोथिंबीर
+१. गेटचं सगळ्यात महत्त्वाचं. छावणीच्या गेटवरचा जवान यादी आणि ओळखपत्र ताडून बघतो, आणि ते त्याचं कामच आहे. यादीत माहेरचं नाव, हातात सासरचं आधार, की बाई उन्हात उभी. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, सोबतच्या मुलीचं नाव, सगळं छावणीच्या स्टेशन मुख्यालयाला आधी लेखी द्यायचं. आयत्या वेळी टॅक्सी बदलली तर गेटवर फोन घेणारी एक जण ठेवा, आणि तिला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

मॅट्रन_ऑफिस
नंबरबद्दल एक भर. शॉर्ट सर्व्हिसमधून (ठरावीक मुदतीच्या नोकरीतून) कायम झाली की पर्सनल नंबर बदलतो, त्यामुळे फॉर्ममध्ये 'जुना नंबर / नवा नंबर' असे दोन रकाने हवेत. नाहीतर एकच बाई यादीत दोनदा येते आणि जेवणाचा आकडा चुकतो.

एमएनएसच्या (लष्करी परिचर्या सेवेच्या) सिस्टर्सना 'कोर्स' विचारू नका, 'नर्सिंग कॉलेज किंवा स्कूल आणि वर्ष' विचारा. आमची परंपरा सगळ्यात जुनी. १८८८ साली दहा नर्सेस मुंबईला उतरल्या तिथपासूनची, आणि १ ऑक्टोबर १९२६ पासून कायमची सेवा. तरी फॉर्ममध्ये बहुतेक वेळा आमच्यासाठी रकानाच नसतो. याचं मनापासून वाईट वाटतं.

निळी_छटा
बिल्ला! नोकरीतलं तेव्हाचं नाव मोठं, निदान एक सेंटिमीटर उंचीची अक्षरं. खाली आत्ताचं आडनाव बारीक. त्याखाली कोर्स आणि वर्ष. लांब दोरीचा नको, पोटाशी लोंबतो आणि वाचायला वाकावं लागतं. दोरीच हवी असेल तर दोन्ही बाजूंना छापा, कारण तो उलटतोच. चष्मा न लावता समोरचीचं नाव वाचता आलं की निम्मं संमेलन जमलं.

पदर_आणि_पदक
पदकं डावीकडे. साडीचा पदरही डावीकडे. इथेच घोळ होतो. एका पदकाची फीत ३२ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाच पदकं शेजारीशेजारी लावली की १६ सेंटिमीटर. तेवढं वजन एका पिनेवर दिलं तर रेशीम फाटतं, निदान ओघळतं तरी.

असं करा : पट्टीपेक्षा दोन बोटं मोठा बकरमचा (कडक अस्तराचा) तुकडा, त्याला साडीच्या रंगाचं कापड. पदराच्या निऱ्या खांद्यावर पक्क्या पिन करा. बकरम पदराच्या आतून धरा, पट्टीची पिन पदर आणि बकरम दोन्हीतून काढा. मग बकरमची वरची दोन टोकं आतून ब्लाऊजला सेफ्टी पिनांनी अडकवा. वजन ब्लाऊज पेलतो, पदर नाही. जॉर्जेट आणि शिफॉनवर हेही टिकत नाही, त्यावर ब्लेझर घाला. दिवसा पूर्ण आकाराची पदकं, रात्रीच्या जेवणाला मिनिएचर.

कोथिंबीर
@पदर_आणि_पदक ताई, पैठणीवर चालेल का हे?

पदर_आणि_पदक
चालेल, पण पिन जरीच्या काठातून काढू नका. जर तुटली की परत बसत नाही. आतल्या अंगात लावा.

लेकीकडून
आई वॅक-आय मध्ये (दुसऱ्या महायुद्धातल्या महिला सहायक दलात) होती, १९४२ ची तुकडी. तिची पदकं मी लावू शकते का?

पदर_आणि_पदक
जरूर लावा, फक्त उजवीकडे. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची, उजवी वारसांची. आणि तुमच्या बिल्ल्यावर आईचं नाव आधी यायला हवं. आयोजकांनी वारसांसाठी वेगळा रकाना ठेवाच.

पहाटपरेड
कुकर लावलाय, पटकन लिहिते.

पुष्पचक्र. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक असो की पुण्यातलं दक्षिण कमांडचं, लेखी परवानगी आधी, बिगुलरची मागणी त्याच पत्रात. क्रम : पुष्पचक्र, बिगुलवर लास्ट पोस्ट, दोन मिनिटं शांतता, बिगुलवर राउज. टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, सावधान. झेंडूचं चक्र पाणी मारून आणतात, ते जड होतं आणि साडीवर गळतं. म्हणून चक्र दोघींनी धरायचं आणि मागून प्लॅस्टिक लावून घ्यायचं. सपाट चप्पल. ग्रॅनाइटवर पाणी सांडलेलं असतं.

दिल्लीला त्यागचक्रातल्या भिंतींवर नावं कोरलेली आहेत. कुणाला आपल्या युनिटमधलं नाव शोधायचं असतं, कुणाला भावाचं. कार्यक्रमानंतर निदान पाऊण तास मोकळा ठेवा. बसवाल्याला आधीच सांगा, तो हॉर्न वाजवतो.

शिट्टी झाली, आले.

मॅट्रन_ऑफिस
गेलेल्यांची नावं वाचण्याबद्दल. प्रत्येक नावाला दोन वेगवेगळ्या माणसांकडून खात्री करा, त्यातला एक घरचा हवा. समाजमाध्यमावर फिरत आलेला निरोप खात्री म्हणून धरू नका. हयात बाईचं नाव मंचावरून वाचलं गेलं तर ते भरून निघत नाही. वाचताना नंबर, पद, तेव्हाचं नाव, आत्ताचं नाव. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचं.

रॅम्प
जुन्या मेस पुरुषांसाठी बांधलेल्या. बायकांचं स्वच्छतागृह एक, फार तर दोन. शंभर जणी येणार असतील तर पुरुषांचं स्वच्छतागृह त्या दिवसापुरतं ताब्यात घ्या, दारावर पाटी लावा आणि बाहेर एक जण बसवा. वीस जणींमागे एक संडास हा माझा हिशोब. त्यातला एक तरी कमोडचा, बाजूला धरायला दांडी.

उतार १:१२. म्हणजे पायरी १५ सेंटिमीटरची असेल तर फळी १८० सेंटिमीटर लांब. याहून आखूड फळी टाकली की व्हीलचेअर ढकलणारीच घसरते. हातांच्या खुर्च्या पहिल्या दोन रांगांत.

निळी_छटा
ग्रुप फोटोला हिरवळीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या नकोत, पाय रुततात. आणि फोटो जेवणाआधी, जेवणानंतर निम्म्या जणी झाडाखाली गप्पांत हरवतात.

स्पर्शमदत
मदतकक्ष ठेवणार असाल तर हयातीच्या दाखल्याचा जरूर ठेवा. वयामुळे बोटांचे ठसे झिजतात, यंत्र नाकारतं, आणि बाई घाबरते की आता पेन्शन थांबलं. चेहऱ्यावरून होणारा जीवन प्रमाण (डिजिटल हयातीचा दाखला) वापरा. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ करून नाही, चष्मा काढा. फोनमध्ये आधार फेस आरडी हे ॲप आधीच टाकून ठेवा, मेसमध्ये रेंज नसते. ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यामुळे संमेलन ऑक्टोबरात असेल तर तिथेच उरकतं.

शॉर्ट सर्व्हिसवाल्या अनेकींना अजून माहीत नाही की मार्च २०१९ च्या निर्णयाने ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) त्यांनाही खुलं झालं. सोबत रिलीज ऑर्डर (सेवामुक्तीचा आदेश) आणायला सांगा. आणि नाव बदललेलं असेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेट.

रिबनबार
बघा, परत नावावरच आलो.

रॅम्प
तारीख कधी कळवता? रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, १२० नाही.

रिबनबार
किमान ९० दिवस आधी पत्र, ६५ दिवस आधी आठवण. त्यात गाडीचा नंबर आणि आरक्षण उघडण्याची तारीख लिहून. सकाळी आठला उघडतं, तेव्हा नातवंडांना शेजारी बसवा म्हणावं.

लेकीकडून
आईचा नंबर सापडला, ट्रंकेच्या झाकणावर आतून रंगवलेला आहे. फॉर्ममध्ये 'जुना नंबर' मध्ये लिहू ना?

मॅट्रन_ऑफिस
हो, तिथेच. आणि ट्रंकेच्या झाकणाचा फोटो पाठवा, बिल्ल्यावर नावाचं स्पेलिंग तसंच घेऊ.