मदत हवी आहे: बर्लिनमध्ये खोली कुठे घ्यावी? वेडिंग, नॉयक्योल्न की मार्त्सान?

हरिपूर_रोड:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्ससाठी जातोय. सध्या मुक्काम सांगली. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं खातं) महिन्याला ९९२ युरो मिळतील, घरून वेगळे मागवायचे नाहीत. तीन जाहिराती हाताशी आहेत. पहिली वेडिंगमध्ये, लेओपोल्डप्लाट्झजवळ: तिघांच्या फ्लॅटमध्ये फर्निचरसह खोली, ५६० वार्म (हीटिंग वगैरे धरून भाडं). दुसरी नॉयक्योल्नमध्ये: सगळं धरून ६२०, पण तीनच महिने आणि ‘आनमेल्डुंग होणार नाही’ असं स्पष्ट लिहिलंय. तिसरी मार्त्सानला: एका खोलीचा आख्खा रिकामा फ्लॅट, ३९० काल्ट (नुसतं जागेचं भाडं) अधिक ११० नेबेनकोस्टेन (हीटिंग, पाणी वगैरे खर्च). हा मालक परदेशात असतो, डिपॉझिट आधी पाठवा, किल्ली कुरिअरने येईल म्हणतो. घरच्यांना सुरक्षित भाग हवाय, मला कॉलेज जवळ हवंय. काय करू?

कृष्णाकाठ:
दुसरी आत्ताच खोडा. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत भाड्याचं घर बघताना आपण आधी काय विचारतो? ‘पाणी कुठवर आलं होतं?’ बर्लिनमध्ये त्या जागी प्रश्न असतो, ‘आनमेल्डुंग मिळेल का?’ बाकी खोली कितीही झकास असू दे.

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो. पार्टटाइम नोकरीत तो नसला तर पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापतात. व्हिसानंतर रेसिडेन्स परमिट करतानाही हाच पत्ता विचारतात. नोंदणीची अपॉइंटमेंट ब्युर्गरआम्टच्या (नागरी सेवा कार्यालयाच्या) वेबसाइटवर घ्यायची. सगळ्या भागांतली ऑफिसं बघा, आपल्याच भागातलं हवं असं नाही. सकाळी लवकर पाहिलं तर रद्द झालेल्या वेळा सापडतात.

तिसरी जाहिरात तर सरळ फसवणूक दिसतेय. मालक परदेशात, किल्ली कुरिअरने, पैसे आधी: तिन्ही लक्षणं एकाच ठिकाणी. पासपोर्टची प्रतही पाठवू नका, तीच पुढच्याला ‘मालकाचा पासपोर्ट’ म्हणून दाखवतात. तिथला नियम असा की डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, म्हणजे इथे १,१७० युरो, आणि तेही तीन मासिक हप्त्यांत देता येतं. पहिला हप्ता भाडं सुरू होताना. दलाली जो दलालाला बोलावतो त्याने द्यायची, हा कायदा २०१५ पासून आहे. घर दाखवायचे पैसे कोणी मागितले तर तिथूनच नमस्कार.

हिशोबी_माणूस:
समजा मार्त्सानचा मालक खरा निघाला, तरी ५०० हा आकडा फसवा आहे. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं असतं. नेबेनकोस्टेन ही उचल असते, वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि हीटर जास्त चालवला तर फरक भरावा लागतो. शिवाय ‘रिकामा’ म्हणजे तिथे खरंच रिकामा. जाहिरातीत ‘ई-बी-का’ (बसवलेलं स्वयंपाकघर) लिहिलं नसेल तर शेगडी, सिंक, कपाटं काहीच नसण्याची शक्यता. छताला दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. दोन वर्षांसाठी हा संसार मांडायचा आणि मोडायचा, परवडत नाही.

९९२ चं गणित: आरोग्य विमा साधारण दीडशे, घरी शिजवून खाणं दोनशे ते अडीचशे. सहामाही फी तीनशेच्या वर जाते, तिचे महिन्याला पन्नास-साठ बाजूला टाका. म्हणजे भाड्याला साडेपाचशेच्या आसपास उरतात. ५६० वार्म अगदी काठावर बसतं. त्यात वीज-नेट धरलंय का, तेवढं विचारा.

अंतराचं म्हणाल तर तुमच्या सहामाही फीतच विद्यार्थी तिकीट येतं आणि ते बर्लिनच्या ए, बी, सी या तिन्ही भाडे-झोनमध्ये चालतं. लांब राहिलं म्हणून प्रवासाचे पैसे वाढत नाहीत, जातो तो वेळ. लेओपोल्डप्लाट्झहून यू-९ मेट्रोने (यू-बान) झू स्टेशन साधारण दहा मिनिटं, पुढे युनिव्हर्सिटीला यू-२ चं एक स्टेशन, नाहीतर चालत. मार्त्सानहून एस-७ लोकल थेट झूला येते, पण चाळीसेक मिनिटं धरा. मात्र एक तपासा: टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या काही इमारती वेडिंगशेजारी गेझुंडब्रुनेनलाही आहेत. तुमचं डिपार्टमेंट कुठे आहे ते बघूनच नकाशा उघडा.

हरिपूर_रोड:
मग वेडिंगच धरतो. पण लेओपोल्डप्लाट्झबद्दल वाईट वाचलंय. आणि फोडणी-बिडणीचा त्रास होईल का?

कृष्णाकाठ:
चौकात दारू आणि नशेचा अड्डा आहे हे खरं. २०२५ पासून तिथे चाकूबंदीही आहे. गल्लीत शिरलं की वस्ती साधी, तुर्की आणि अरब दुकानांत कोथिंबीर, डाळी, मसाले मिळतात. एक स्टेशन अलीकडे, आमरूमर श्ट्रासेकडची बाजू त्यातल्या त्यात शांत. शुक्रवार-शनिवार यू-बान रात्रभर चालते, बाकी रात्री बस.

व्हिडिओ कॉलवर मालकाला खोलीतून खिडकीकडे, जिन्यातून खाली बेलच्या पाटीपर्यंत चालायला लावा. पाटीवरचं नाव आणि करारातलं नाव जुळलं पाहिजे. तो स्वतःच भाडेकरू असेल तर पोटभाड्याला मूळ मालकाची परवानगी आहे का ते लेखी घ्या. आनमेल्डुंगचा उल्लेखही लेखी. खोली मागच्या अंगणाकडे आणि खालच्या मजल्यावर असेल तर विचार करा, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो.

फोडणीचं अडत नाही, वाफेचं अडतं. स्वयंपाक आणि आंघोळ झाली की खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, कडाक्याच्या थंडीतही. खोलीत ओले कपडे वाळत घातले की भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिट कापायला तेवढं कारण पुरतं. कुकर रात्री दहाच्या आत लावा, नंतर शांततेची वेळ सुरू होते.

हिशोबी_माणूस:
एकाच खोलीवर विसंबू नका. श्टुडिएरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची सोय बघणारी संस्था) वसतिगृहाचा अर्ज आजच भरा. त्यातलं झिगमुंड्स होफ तर युनिव्हर्सिटीच्या जवळच आहे. नंबर लागायला महिने जातात, पण अर्ज पडून राहिला तर बिघडत नाही. आणि राहायला गेल्या दिवशीच पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. टॅक्स नंबर आणि बँकेचं कार्ड त्याच पेटीत यायचंय.