मदत हवी आहे: इंटरकॉम इंटरफेसची शिट्टी काही केल्या जाईना (टू-वायर ते फोर-वायर)

मंडळी, सोलापुरात आमचं तीन कॅमेऱ्यांचं छोटं लाइव्ह युनिट आहे. लग्न, गॅदरिंग, कीर्तन, जे येईल ते करतो. कॅमेरामन आणि स्टेजमागचा पोरगा जुन्या टू-वायर इंटरकॉमवर बोलतात. एक मेन स्टेशन, चार बेल्टपॅक (कमरेला अडकवायचे डबे, त्यात हेडसेट लागतो), साध्या तीन पिनच्या माईक केबली. यंदा सूचना देणारा माणूस पुण्यात बसतो, इंटरनेटवरून. म्हणून टू-वायरचं फोर-वायर करणारा, म्हणजे जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळ्या तारांवर काढणारा, एक जुना इंटरफेस घेतला. इंटरफेसचा आवाज डिजिटल मिक्सरमधून लॅपटॉपला जातो, लॅपटॉपचा आवाज मिक्सरमधूनच परत इंटरफेसला.

दुखणं असं, की पुण्याचा माणूस "दोनवर जा" म्हणाला की अर्ध्या सेकंदाने त्याला स्वतःचंच "दोनवर जा" ऐकू येतं. तो वैतागून गप्प बसतो. आणि इकडे पोरांनी बेल्टपॅकचा आवाज वाढवला की बारीक शिट्टी सुरू होते. मागच्या शनिवारी एका गॅदरिंगला नाच रंगात आलेला असताना तिघांनी एकदम हेडसेट काढून फेकले. पुढचं अख्खं गाणं मी हातवारे करून काढलं.

आतापर्यंतचे प्रयोग: इंटरफेसच्या दोन्ही लेव्हल कमी केल्या. शिट्टी गेली, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. इक्वलायझरवर अडीच किलोहर्ट्झ खाली ओढलं, तर शिट्टीने नुसता सूर बदलला. गेट (बारीक आवाज आपोआप कापणारा) लावला, तर "दोनवर जा" मधलं "दोन"च गायब.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं काम मिळालंय, दोन कॅमेरे गच्चीवर. खाली हलगी आणि "हर्र बोला हर्र" चालू असताना पोरं व्हॉल्यूम फुल्ल करणारच. इंटरफेसच्या मागे 'नल' लिहिलेले दोन बारीक स्क्रू आहेत, एकावर 'आर', एकावर 'सी'. भीतीने हात लावलेला नाही.

फेडरवाला: आधी मिक्सर बघा. लॅपटॉपला जाणाऱ्या ऑक्समध्ये (मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमध्ये) लॅपटॉपचाच चॅनेल उघडा राहिलाय का? दहातल्या पाच वेळा हेच निघतं.

धागाकर्ता: बघितलं, बंद आहे. इंटरफेसकडून येणारा चॅनेल म्यूट केला की पुण्याचा प्रतिध्वनी लगेच थांबतो. म्हणजे गळती इंटरफेसमध्येच ना?

जुनीवायर: बरोबर धरलंत. आणि ज्या दोन स्क्रूंना तुम्ही घाबरताय, औषध तिथेच आहे.

टू-वायरवर जाणारा आणि येणारा आवाज एकाच तारेवर असतो. इंटरफेसमधलं हायब्रिड सर्किट त्यातून "मी पाठवलेला" आवाज वजा करतं आणि उरलेला पुढे देतं. ही वजाबाकी जमायला लाइनचा खरा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) आणि आतला नकली इम्पिडन्स जुळावा लागतो. तो जुळवणं म्हणजे नल करणं. जुळला नाही तर पुण्याचाच आवाज पुण्याला परत जातो. तोच गळका आवाज शेजारच्या खोलीत गेला असता तर साइडटोन (बोलताना हेडसेटमध्ये येणारा आपलाच आवाज) म्हणून कुणाच्या लक्षातही आला नसता. मध्ये इंटरनेटचा उशीर आला म्हणून तो प्रतिध्वनी झाला.

शिट्टीला मात्र दोन टोकं लागतात. एक गळती तुमच्या इंटरफेसमध्ये आहे. दुसरी पुण्यात शोधा: तो माणूस लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकतोय का? तसं असेल तर त्याला आधी हेडफोन लावायला सांगा. पूर्ण फेऱ्यात आवाज जितका घटतो त्याहून जास्त वाढला की कोकलणारच, मग इक्वलायझर कितीही ओढा.

एक अजून. टर्मिनेशन (लाइनवर टाकलेला ठरावीक रेझिस्टन्स) कुठे कुठे चालू आहे? या जातीच्या बऱ्याच सिस्टीममध्ये एका लाइनला एकच, २०० ओहमचं, बहुतेक मेन स्टेशनमध्ये असतं. बेल्टपॅक लाइनवर जवळपास ओझं टाकत नाहीत. दोन टर्मिनेशन झाले की सगळ्यांचा आवाज पडतो आणि पोरं व्हॉल्यूम वाढवतात. एकही नसेल तर आवाज अंगावर येतो आणि सिस्टीम आपणहून कोकलते. हे मिटवल्याशिवाय नलला हात लावू नका.

धागाकर्ता: इंटरफेसच्या बाजूला टर्मिनेशनचं बटण आहे, ते चालू. मेन स्टेशनचंही चालू! आणि हो, पुण्याचा माणूस स्पीकरवरच ऐकत होता.

फेडरवाला: हे सगळं काढून डिजिटल वायरलेस का घेत नाही?

धागाकर्ता: तुम्ही पैसे देताय का राव?

जुनीवायर: इंटरफेसचं टर्मिनेशन बंद करा. मग गड्ड्यात जेवढी केबल आणि जेवढे बेल्टपॅक लागणार तेवढे सगळे जोडा, टेबलावर दोन मीटरच्या तारेवर नल करून उपयोग नाही. सगळ्या बेल्टपॅकचे माईक बंद. आधी लेव्हल रोजच्या कामाच्या ठेवा, कारण नल झाल्यावर लेव्हल हलवली की फेऱ्याचा हिशेब बदलतो. मिक्सरमधून इंटरफेसला पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेली खरखर) द्या आणि परत येणाऱ्या चॅनेलचा मीटर बघा. 'आर' हळूहळू फिरवून मीटर सगळ्यात खाली आणा, मग 'सी', मग परत 'आर'. नुसत्या एका टोनवर करू नका. तो टोन मरतो, बोलणं मात्र गळत राहतं.

धागाकर्ता (अपडेट): काल रात्री जुळे सोलापुरातल्या आमच्या गाळ्यात बसलो. केबलीची पूर्ण भेंडोळी अंगणात पसरली, चारही बेल्टपॅक लावले. टर्मिनेशनचं बटण बंद केल्याबरोबर आवाज इतका वाढला की पोरांनी आपणहून नॉब खाली आणले. मग टेस्टरच्या टोकाने 'आर'. अर्धा फेरा काहीच नाही, आणि मग केसभर सरकवलं तर मीटर धपकन खाली. अजून केसभर, परत वर. श्वास रोखून तो खड्डा सापडवला. 'सी'ने खालचं खसखस बरंच गेलं. शेवटी हेडफोनमध्ये नॉइजपेक्षा मिक्सरच्या पंख्याचा आवाज जास्त येत होता.

पुण्याहून फोन आला, "लाइन चालू आहे ना? मला मीच ऐकू येत नाहीये."

एक गंमत: पोरगा म्हणाला, "पण मला माझा आवाज अजून येतोय की." तो साइडटोन, तो असायचाच. बेल्टपॅकवर त्याचा वेगळा स्क्रू आहे, तोही थोडा कमी केला.

एक शंका उरली. गच्चीवर आयत्या वेळी एक केबल वाढवावी लागली तर?

जुनीवायर: परत नल करायचं. टेस्टर खिशात ठेवा.

धागाकर्ता: ठेवतो. गड्ड्यात आलात तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडून.