पन्हाळ्याच्या थंडीत कुंडीतली मिरची धरत नाही

गच्चीवरचा_मळा
पन्हाळ्यावर दक्षिणेला मोकळी गच्ची आहे. दिवाळीनंतर संकेश्वरी जवारीचं बी टाकलं, थोडंच उगवलं आणि तेही रेंगाळत. कोल्हापुरातनं आणलेल्या ज्वाला जातीच्या मिरचीच्या रोपांना फुलं येतात, पण देठासकट गळतात. शेंड्याची पानं खाली वळून अरुंद झालीत. पाणी रोज संध्याकाळी, युरिया पंधरवड्याला चिमूटभर. चुकतंय कुठं?

तिखटजाळ
फुलगळ थंडीची. रात्री पारा 15 अंशांखाली गेला की परागकण धड तयार होत नाहीत, फळ धरत नाही. युरिया पहिल्यांदा बंद करा. नुसता पाला माजतो. कळी लागल्यावर 0:52:34 (नत्र नसलेलं स्फुरद-पालाशचं खत) लिटरला 2 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, बास.

पाणी सकाळी ऊन आल्यावर, तेही वरची बोटभर माती कोरडी झाली तरच. संध्याकाळी घातलेल्या पाण्यानं माती रात्रभर गार राहते, मुळं काम करत नाहीत आणि कुजायला लागतात. कुंड्या फरशीवर थेट ठेवू नका, खाली फळी किंवा थर्माकोल घाला. दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीला टेकवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. वरून बांबूच्या कमानीवर पारदर्शक प्लास्टिक, पानांना न टेकता. पण सकाळी नऊला ते निघालंच पाहिजे. आत 35 च्या वर गेलं तर त्या उष्णतेनंही फुलं गळतात.

भिंगवाला
पानांचं दुखणं वेगळं आहे, थंडीवर ढकलू नका. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. खाली वळून लांबट झालं तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड. तुमचं वर्णन कोळ्याचं आहे. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, शेंड्याच्या पानामागं भिंग धरा. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, पानांच्या मागून, ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्यानं परत. नीम तेल मारलं असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यात, नाहीतर पानं करपतात.

रोपवाटिका_गडहिंग्लज
प्लास्टिकचा खटाटोप मला पटत नाही, वेळापत्रकच बदला. बी जानेवारीअखेर घरात पेरायचं. उगवायला 25 ते 30 अंश लागतात. तिथं आठ-दहा दिवसांत कोंब येतो, 18 ला तीन आठवडे रेंगाळतो आणि तोवर बी कुजतं. ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धा सेंटीमीटर खोल पेरून डबा झाकून इन्व्हर्टरवर ठेवा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून उन्हात. एक दिवस जरी अंधारात राहिला तरी रोप किडकिडीत होतं आणि बुडाशी कोलमडतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) कोकोपीटात आधीच मिसळलेला बरा.

मार्चात 12 इंची कुंडीत लावा: दोन भाग माती, एक शेणखत, एक कोकोपीट. मे महिन्यात तोडा सुरू होतो. जूनमध्ये धुकं-पाऊस लागायच्या आत कुंड्या पत्र्याखाली न्या. तिथल्या पावसात उघड्यावर मुळं सडणारच.

गच्चीवरचा_मळा
मसाल्याच्या वाळक्या मिरचीतलं बी चालेल का? आणि आताची ज्वाला उपटायची का?

रोपवाटिका_गडहिंग्लज
यंदाच्या, उन्हात वाळवलेल्या मिरचीचं चालतं, जुन्याचं नाही. ज्वाला उपटू नका. गंधकाचे दोन हात झाल्यावर, फेब्रुवारीत रात्री जरा उबदार झाल्या की वीतभर ठेवून छाटा आणि वरून मूठभर गांडूळखत. असा खोडवा, म्हणजे छाटून परत फुटलेलं झाड, पेरलेल्या रोपापेक्षा आधी फुलावर येतो.