माध्यमशिक्षण घेताना डिजिटल साधने कोणत्या क्रमाने शिकावीत? सल्ला हवा आहे

उत्सुक:

नमस्कार. मी माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षभरात मी संकलनासाठी डाविंची रिझॉल्व्ह, आवाजासाठी ऑडॅसिटी आणि चित्रांसाठी गिंप यांचे धडे पाहिले, त्रिमितीय चित्रांसाठीच्या ब्लेंडरचीही तोंडओळख करून घेतली. तरीही उद्या सकाळपर्यंत दोन मिनिटांचा बातमीपट करून द्या असे कुणी सांगितले, तर तो वेळेत होईल अशी खात्री मी आज देऊ शकत नाही. धडा पाहताना सगळे समजते, पण स्वतःचे चित्रीकरण समोर आले की सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, चित्रीकरण फोनवरच होते आणि दरमहा शुल्काची सॉफ्टवेअर घेणे सध्या शक्य नाही. अशा वेळी आधी काय शिकावे, काय सरळ बाजूला ठेवावे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे कितपत लक्ष द्यावे, याबद्दल या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

संकलक:

ब्लेंडर सध्या बाजूला ठेवा, हे निःसंकोचपणे सांगतो. रिझॉल्व्ह उत्तम आहे आणि त्याची मोफत आवृत्तीही भरपूर काम देते, परंतु त्याला किमान १६ जीबी रॅम लागते असे धरून चाला. तुमच्या लॅपटॉपवर ते सतत अडखळेल आणि चूक आपलीच आहे असे तुम्हाला उगाच वाटत राहील. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट या मोफत संकलन सॉफ्टवेअरांपैकी एक निवडा आणि तीन महिने दुसऱ्याकडे पाहू नका.

विद्यार्थी असताना मी फोनवर वीस मिनिटांची मुलाखत चित्रित केली होती. टाइमलाइनवर टाकल्यावर सुरुवातीला सगळे ठीक होते, पण मध्यावर ओठ आणि शब्द यांत फरक दिसू लागला आणि शेवटी तर तो डोळ्यांना खुपण्याइतका वाढला. रात्रभर मी आवाजाची पट्टी कापून मागेपुढे सरकवत बसलो. कारण अगदी साधे होते: बहुतेक फोन चित्रीकरण करताना फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, थोडा कमीजास्त करत राहतात आणि संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र अनेकदा तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे असे गृहीत धरते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट ३० निवडला, ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय ठेवला आणि मूळ फाइलवरून नवी फाइल तयार करून घेतली, की हा घोळ सहसा मिटतो. फरक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर आवाज फक्त सरकवायचा असतो. तो वाढत जात असेल, तर फ्रेम रेट किंवा सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) तपासायचा असतो. हे एकदा कळले की सॉफ्टवेअर कोणतेही असो, हात थांबत नाही. त्यामुळे फ्रेम रेट, बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती), कोडेक (चित्र आणि आवाज आटवून साठवण्याची पद्धत) आणि कंटेनर (ते एकत्र ठेवणारा फाइलचा प्रकार) या चार संकल्पना आधी पक्क्या करा. त्यासोबत प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या वापरायच्या हलक्या प्रती, कशा तयार करायच्या तेही शिका. ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्यांच्याशिवाय निभाव लागणे कठीण आहे.

ध्वनिलेखक:

संकलकांचे म्हणणे मान्य आहे, तरी माझ्या मते सुरुवात आवाजापासून करावी. चित्र थोडे हलले तर प्रेक्षक बघत राहतो, पण बोलणे ऐकू आले नाही तर तो थांबत नाही. शिवाय ध्वनीच्या फाइली लहान असल्याने तुमचा लॅपटॉप त्या सहज पेलेल आणि एका संध्याकाळी एक काम पूर्ण होईल.

व्हिडिओसाठीचे ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर करा, कारण ४४.१ ही सीडीची परंपरा आहे. बोलण्याचे सर्वांत मोठे स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढीच पातळी ठेवा. शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, धडकून फाटलेला आवाज नंतर पूर्णपणे दुरुस्त होत नाही. मुलाखत संपल्यावर सर्वांना अर्धा मिनिट गप्प बसायला सांगून त्या खोलीची शांतता मुद्रित करून घ्या. वाक्यांमधले सांधे झाकायला ती लागते आणि ऑडॅसिटीला पार्श्वभूमीचा गोंगाट ओळखायला नमुना म्हणूनही ती देता येते. मात्र गोंगाट कमी करणारा परिणाम बेताने वापरा, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते.

आकडेमोड:

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तुमच्या यादीत स्प्रेडशीट कुठेच नाही, हे मला खटकले. व्हिसिकॅल्क हे सुरुवातीचे स्प्रेडशीट १९७९ मध्ये आले, तेव्हापासून ओळी, रकाने आणि सूत्रे हीच मांडणी टिकून आहे. याउलट एकेकाळी परस्परसंवादी बातम्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, समाजमाध्यमांवरच्या नोंदी जोडून बातमी रचण्याचे साधन असलेले स्टोरिफाय २०१८ मध्ये आणि पत्रकार नकाशांसाठी वापरत असलेले गूगल फ्यूजन टेबल्स २०१९ मध्ये बंद झाले. त्यांत केलेले कितीतरी काम आज उघडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून आकडेवारी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी विलग केलेली साधी फाइल), ध्वनी वेव्ह फाइलमध्ये आणि मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवा. वर्गवारी, फिल्टर आणि पिव्होट टेबल (आकडे गटवार एकत्र करून दाखवणारा तक्ता) एवढे जरी आले, तरी शंभर पानी अहवालातून बातमी शोधता येते. आलेखासाठी डेटारॅपर या संकेतस्थळाची मोफत सोय विद्यार्थ्याला पुरेशी आहे.

ध्वनिलेखक:

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न राहून गेला होता. तुम्हाला आत्ताच खरोखर उपयोगी पडेल असे एकच साधन मी सुचवेन: ध्वनीवरून मजकूर तयार करणारे व्हिस्पर. ते २०२२ मध्ये खुले झाले आणि त्याची लहान प्रारूपे (मॉडेल) साध्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवायही चालतात. हे महत्त्वाचे आहे, कारण नाव गुप्त ठेवण्याचा शब्द आपण ज्याला दिला आहे, त्याची मुलाखत परक्या संकेतस्थळावर चढवणे योग्य नाही. मात्र व्हिस्पर कधीकधी, विशेषतः शांततेच्या जागी, कुणी न बोललेली वाक्येही लिहून मोकळे होते. मजकूर वाचायला गुळगुळीत असल्याने ती चूक नजरेला सापडत नाही. तेव्हा लिखित मसुदा फक्त जागा शोधण्यासाठी वापरावा आणि अवतरणचिन्हांत जाणारे प्रत्येक वाक्य मूळ ध्वनीशी शब्दशः ताडून पाहावे.

उत्सुक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिली, तर माझ्या फोनचा फ्रेम रेट खरोखरच २९ ते ३१ च्या दरम्यान बदलताना दिसला. पहिला महिना ऑडॅसिटी, त्यानंतर केडेनलाइव्ह आणि त्याच्या जोडीला दर रविवारी स्प्रेडशीट असे ठरवते आहे. सराव रोज थोडा करावा की आठवड्यातून एकदा सलग?

संकलक:

सलग करावा, आणि तो पूर्ण वस्तूवरच करावा. दर आठवड्याला नव्वद सेकंदांचा एक तुकडा ठरवा; त्यात किमान एका व्यक्तीचे बोलणे, परिसराचा नैसर्गिक आवाज आणि अचूक लिहिलेली नावपट्टी असू द्या. वेळ संपली की तो आहे त्या अवस्थेत निर्यात करून वर्गातल्या कुणाला तरी दाखवा, कारण निर्यात करताना येणाऱ्या अडचणी धड्यांत फारशा दिसत नाहीत. धडा आधी पाहू नका; काम जिथे अडेल तेवढ्यापुरताच तो शोधा. आणि पहिल्याच दिवसापासून प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणुकीवर आणि त्यातली एक घराबाहेर. फोनमधले मूळ चित्रीकरण पुसण्यापूर्वी दुसऱ्या प्रतीतली फाइल उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहा.